शिंगवळणचा कोंडवाडा सापडतो

इतिहास माझ्या रक्तात आहे, असं मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मार्थाला सांगितलं होतं. तिनं जरा काळजीनं, "दुखतं का?" एवढंच विचारलं होतं.

तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा होता. आमच्या घरात आजोबांचा एक फोटो आहे. आजोबा म्हणजे अब्राहाम भिंगारदिवे, शिंगवळणच्या शाळेचे पहिले मास्तर. मिशनच्या कुणा गोऱ्या साहेबानं तिकाटण्यावर कॅमेऱ्याची पेटी ठेवून तो काढला. डोक्याला पागोटं, उजव्या हातात छडी, आणि असा करारी चेहरा, की लहानपणी त्या फोटोसमोरून जाताना आम्ही पाढे म्हणत जायचो. आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागे एक पांढुरका, धूसर आकार आहे. वर दोन टोकं उचललेली. तो देवदूत आहे, असं आमच्या घराण्यात तीन पिढ्या मानलं जातं. माझी नगरची दयाआत्या दर नाताळात लेकरांना जवळ घेऊन ती दोन टोकं बोटानं दाखवायची आणि म्हणायची, "हे बघा, पंख." मी शिकलेला माणूस. देवदूताचा फोटो निघतो यावर माझा विश्वास नव्हता. पण आपल्या आजोबांच्या बाबतीत अपवाद झाला असेल तर आपण कशाला मोडता घालायचा, असं माझं मत होतं.

तर स्वराज्य येऊन दोन वर्षं व्हायला आली होती. त्या पावसाळ्यात मामलेदारसाहेबांचं परिपत्रक आलं, की पंधरा ऑगस्टला प्रत्येक शाळेत जुनी छायाचित्रं, पत्रं आणि नकाशे यांच्या आधारे 'आपल्या गावाचा इतिहास' असं प्रदर्शन भरवावं. तालुक्यातल्या बाकीच्या शहाण्या मास्तरांनी ते कागदाच्या खिळ्याला अडकवून दिलं. मी ते वाचलं, आणि माझं रक्त सळसळलं.

दवंडी दिली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या ओट्यावर इतिहास येऊन पडू लागला. गंजलेली तलवार आली. ती मागच्या जत्रेतली निघाली. पाटलांनी, म्हणजे श्रीमंतराव पाटलांनी, स्वतःचाच मोठा फोटो पाठवला आणि तो अगदी मधोमध लावावा असा निरोप दिला. कडूबाई नावाची म्हातारी नवऱ्याचं बसऱ्याहून आलेलं पत्र घेऊन आली. पहिल्या महायुद्धात तो पलटणीत होता. ते पत्र तिनं तीस वर्षं लुगड्याच्या घडीत जपलं होतं. मी उभा राहून ते मोठ्यानं वाचायला घेतलं. त्यात तांबड्या बैलाची चौकशी होती, बांड्या बैलाची चौकशी होती, तांबड्याच्या खांद्याला लावायच्या औषधाची कृती होती, आणि शेवटी, 'घरी सर्वांस नमस्कार' असं होतं.

"माझं नाव कुटं हाय?" कडूबाईनं विचारलं.

"सर्वांस म्हणजे तुम्हीच की," मी म्हणालो.

"व्हय, पन बैलांच्या मागनं," ती म्हणाली, आणि पत्र घेऊन परत गेली. ते प्रदर्शनाला द्यायला तिनं साफ नकार दिला.

इतपत ठीक होतं. पण आमच्या शेजारी रंगनाथअण्णा राहतात. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले आहेत, आणि सल्ला मागितल्याशिवाय देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, फोटो आणि पत्रं ठीक आहेत. पण नकाशाशिवाय इतिहासाला वजन नाही. कचेरीत गावठाणाचा जुना नकाशा आहे. आपल्या वडिलांच्याही आधीचा. तो उतरवून आणा."

मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, "नकाशाचा नंबर?"

"तो नकाशावरच असेल ना."

"मग नकाशा आणा, नंबर बघून देतो."

हे कळायला मला जरा वेळ लागला, आणि कळल्यावरही उपयोग झाला नाही. दुसऱ्या खेपेला रंगनाथअण्णा बरोबर आले. आत जाऊन त्यांनी जुन्या ओळखीवर चहा घेतला, नवीन माणसांना काम कसं येत नाही हे नवीन माणसांनाच ऐकवलं, आणि नकाशा बाहेर काढला. घरी न्यायची परवानगी नव्हती. तिथंच बसून उतरवायचा होता. पारदर्शक कागद बाजारात मिळत नव्हता. साधा कागद तेलात भिजवला की आरपार दिसतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी घरातलं महिन्याचं करडईचं तेल बाटलीत घालून नेलं होतं. मार्थाला ते संध्याकाळी फोडणीच्या वेळी कळलं. त्या आठवड्यात आम्ही उकडलेलं खाल्लं. इतिहासासाठी लोकांनी प्राण दिलेत, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "त्यांनी निदान स्वतःचे दिले."

नकाशा मात्र सुरेख उतरला. त्यात वेस होती, चावडी होती, बारव होती, आणि बारवेच्या वरच्या अंगाला एक छोटा चौकोन होता. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कोंडवाडा'.

इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं कोंडून ठेवायची आणि मालकानं दंड भरला की सोडायची, ही जागा म्हणजे कोंडवाडा. शिंगवळणला तो सरकारी दप्तरी होता, गावात नव्हता. प्लेगच्या सालात अख्खा गाव रानात झोपड्या घालून राहिला, माघारी आला तेव्हा कोंडवाड्याच्या भिंती पडलेल्या होत्या, आणि दगड कुणी नेले हे विचारण्यात कुणालाच रस नव्हता, कारण ते सगळ्यांच्याच घरात होते. तेव्हापासून तपासणीला आलेला प्रत्येक अधिकारी, 'कोंडवाडा आढळला नाही, शोध घ्यावा,' असा शेरा मारून जायचा, आणि श्रीमंतराव पाटील, त्याआधी त्यांचे वडील, 'शोध चालू आहे,' असं उत्तर पाठवायचे. सरकार आणि गाव यांचं त्यावर उत्तम चाललं होतं.

आणि तो कोंडवाडा मी शोधून काढला होता! मी त्याच संध्याकाळी चावडीवर लोक जमवले. नकाशा फडकवला. पूर्वजांनी घडवलेलं आणि आपण विसरलेलं, असं बरंच बोललो. मग बारवेचा दोर घेतला, नकाशातल्या मापानं त्याला गाठी मारल्या, आणि मापत निघालो. मागून अर्धा गाव. मी पुढे, हातात तेलकट नकाशा, मान वर. बारवेपासून चावडीपर्यंत. चावडीला वळसा. पिंपळाच्या पाराजवळून उजवीकडे. मापात एवढा गुंग होतो, की कुणीतरी दार उघडलं आणि आपण आत शिरलो, एवढंच मला कळलं. शेवटची गाठ एका शेवग्याच्या झाडापाशी आली.

"हाच तो!" मी ओरडलो. "शिंगवळणचा कोंडवाडा हाच!"

टाळ्या वाजल्या नाहीत. मी भानावर आलो. समोर मार्था उभी होती. हातात कोंबड्यांच्या दाण्याचं सूप. शेवगा तिचा होता, पलीकडचा दोडक्याचा वेल तिचा होता, आणि घर आमचं होतं.

हे घर म्हणजे साधं नव्हतं. लग्नानंतर आमची बरीच वर्षं शाळेच्या सामानाच्या खोलीत गेली, पृथ्वीचा गोल आणि तुटकी बाकं यांच्यामध्ये चूल मांडून. मग पाटलांनी चावडीमागची ही सरकारी पडीक जागा मास्तरसाठी म्हणून दाखवली, आणि मार्थानं स्वतः माती तुडवून भिंती उभ्या केल्या. शेवग्याची फांदी तिनं माहेरून आणली होती. 'आता मला इथनं फक्त प्रभू हलवील,' असं ती म्हणायची. प्रभूच्या आधी मी तयारीला लागेन, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

गर्दीतून कानिफनाथ पुढे आला. याचं रान ओढ्याकाठी, आणि शेजारच्या मालनबाईची पांढरी खिलार गाय त्यात पडीक असते. "मास्तर," तो म्हणाला, "लई उपकार झाले. त्या गायीनं माझी ज्वारी खाल्ली, मका खाल्ला. कोंडवाडा न्हाई म्हून आजवर गप ऱ्हायलो. आता न्हाई ऱ्हायचा." आणि काळोख पडायच्या आत त्यानं गाय आणून आमच्या शेवग्याला बांधली.

गायीनं प्रथम दोडक्याचा वेल खाल्ला. मग मालनबाई आली. "मास्तर, शाळंत आमची पोरं कोंडता ती कमी पडली व्हय? आता जनावरं पन?"

"मालनबाई, हे माझं काम नाही. हा फक्त इतिहास आहे."

"तुमचा इतिहास माझी गाय कशापायी धरून बसलाय?"

मी गाय सोडली, तर कानिफनाथ पावती मागू लागला. मी पावती दिली नाही, तर त्यानं गाय परत आणली. दोन दिवसांत आणखी एक गाढव, तीन शेळ्या आणि कुणाचा तरी बोकड अंगणात आला. पूर्वी ज्यांच्या तक्रारी मनात साचून होत्या, त्या सगळ्यांना आता जागा मिळाली होती. रंगनाथअण्णांचं कुंपण एका शेळीनं खाल्लं, पण ते खूश होते. म्हणाले, "नियमाप्रमाणं चारा-पाणी कोंडवाड्याच्या रखवालदारानं द्यायचं."

"रखवालदार कोण?"

"तेच तर आता ठरेल," ते म्हणाले.

ते ठरलं. गावचं पोस्टही माझ्याकडेच आहे; मास्तर रिकामाच असतो असं सरकारचं पक्कं मत आहे. त्यामुळे मामलेदारसाहेबांचं रजिस्टर पत्र मीच थैलीतून काढलं, मीच मला नेऊन दिलं, आणि मीच माझी सही घेतली. आत लिहिलं होतं, की सदरहू कोंडवाडा आढळून आल्याचे पाटलांकडून समजून समाधान वाटले. त्या जागेवरील घर महिनाअखेर मोकळे करावे व कोंडवाडा पूर्ववत चालू करावा. रखवालीचे काम शोध लावणाऱ्या शिक्षकाकडे जादा म्हणून सोपवावे, कारण त्यास स्थळाची माहिती आहे.

पत्र मार्थाला वाचून दाखवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त शेवग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो आता उपटून लावला तर जगायचा नाही." मग चुलीपाशी जाऊन बसली. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या तेलकट नकाशाची चीड आली. स्वतःचीही आली, पण नकाशाची जास्त.

रंगनाथअण्णा कुंपणाच्या उरलेल्या भागावरून म्हणाले, "घाबरायचं नाही. पुरावा पुराव्यानं मारायचा. त्या जागेवर कोंडवाड्याआधी दुसरं काही होतं, असं दाखवा."

आणि मला आजोबा आठवले! फोटोत आजोबांच्या डाव्या हाताला एक दगडी खांब दिसतो. त्याच्यावर कोरलेलं एक चक्र आहे. तोच खांब आज आमच्या न्हाणीत आडवा पडलाय. मार्था त्याच्यावर धुणं आपटते. म्हणजे आजोबा याच जागी उभे होते! म्हणजे गावची पहिली शाळा इथं भरत होती! जिथं विद्येचं मंदिर होतं, तिथं कोंडवाडा कसा असेल? उतारा सापडला. पंधरा ऑगस्टला मामलेदारसाहेब यायचेच होते. तिथंच, सगळ्यांसमोर, फोटो हातात घेऊन बाजी पलटवायची. मार्थाला सांगितलं. ती म्हणाली, "ह्या खेपेला मापायला दोर नाही ना घेणार?"

प्रदर्शनाच्या दिवसाची सुरुवात वाईट झाली. पाटलांचा फोटो मी मधोमध लावला होता, आणि कुणीतरी भक्तिभावानं त्याला झेंडूचा हार घातला. सोनईहून त्यांचे व्याही प्रदर्शन बघायला आले होते. त्यांनी दारातून हार पाहिला आणि तिथंच हंबरडा फोडला. पाटील त्यांचं सांत्वन करायला धावले, तेव्हा विहीणबाईंना घेरी आली. त्यात दयाआत्या नगरहून खास देवदूत बघायला आलेली. शिवाय साहेबांचा फोटो काढायला नगरहूनच बन्सी फोटोवाला आणला होता. तो प्रत्येकाला उजेडातून बाजूला सारत होता.

साहेब आले. तरुण, चष्मा लावणारे, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आवडणारे. मी भाषणाला उभा राहिलो. नकाशा बाजूला सारला, आणि आजोबांचा फोटो पुढे केला. म्हणालो, "साहेब, हा खांब बघा. हा आजही माझ्या अंगणात आहे. जिथं माझं घर आहे, तिथं या गावची पहिली शाळा होती. हे माझे आजोबा. ही त्यांच्या हातात छडी. आणि हा..." आत्याकडे बघून मी जरा थांबलो. "हा आकार आमच्या श्रद्धेचा विषय आहे."

साहेबांनी फोटो खिडकीकडे धरला. "काच चमकते आहे. चौकटीतून काढा पाहू."

बन्सीनं चाकूनं मागचे खिळे सोडवले. फोटो बाहेर आला, आणि तो म्हणाला, "अरे, खाली दुमडलाय की! चौकटीत बसवायला कुणीतरी चांगली दोन बोटं पट्टी आत घातलीय." आणि त्यानं ती पट्टी हलकेच सरळ केली.

त्या पट्टीत तीन पिढ्यांनी न पाहिलेलं सगळं होतं. आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसलेली चार-पाच मुलं, मांडीवर पाट्या. त्यांच्या मागे दगडी गव्हाण, तिला टेकवलेला फळा. आणि गव्हाणीपाशी, देवदूताच्या बरोबर खाली, चार पाय. अगदी ठसठशीत. चारही खुरांचे.

"डोकं हलवलं जनावरानं," बन्सी धंद्याच्या आवाजात म्हणाला. "पाय हलले न्हाईत, म्हून तेवढे आले. पांढरी गाय हाय. ती वरची दोन टोकं म्हंजे शिंगं."

"खिलार हाय," मागून मालनबाई म्हणाली. "आमच्यावानी."

मी संपलो होतो. शाळा सिद्ध झाली होती, आणि तिच्यासकट कोंडवाडाही. हातातली ती छडी मुलांसाठी नव्हती, हेही आता साऱ्या गावाला दिसत होतं. मार्था दाराशी उभी होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना. मी फोटोकडेच बघत राहिलो. आजोबांना गावात कुणी शाळेला ओसरीसुद्धा दिली नसणार. म्हणून ते जनावरांत पोरं घेऊन बसले, आणि साहेब फोटो काढतोय म्हटल्यावर मान ताठ करून उभे राहिले. हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला देवदूत गेल्याचं वाईट वाटलं नाही. आजोबांचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. गर्दीला ते अपमानाचं वाटलं असेल. थोडं होतंही.

दयाआत्या उठली. काठी टेकत पुढे आली, खुरांवरून बोट फिरवू लागली. मग म्हणाली, "आमचा प्रभू गव्हाणीत जन्मला, साहेब. तिथं शाळा भरली तर काय बिघडलं?"

साहेबांनी चष्मा पुसला. त्यांचं डोकं कायद्याचं होतं. कुठल्याही वाक्यातून ते आदेश काढू शकत. "बाई म्हणतात ते रास्त आहे," ते म्हणाले. "म्हणजे या गावी शाळा आणि कोंडवाडा एकत्र चालवण्याची जुनी वहिवाट आहे. छायाचित्रानं सिद्ध होते. मग शाळा कोंडवाड्यात भरू शकते, तर कोंडवाडा शाळेत का भरू नये? शाळेला आवार आहे, भिंत आहे, फाटक आहे. मास्तरांचं घर राहू द्या. कोंडवाडा शाळेच्या आवारात न्या. रखवालीला मास्तर तिथं असतातच."

पाटील म्हणाले, "वा!" रंगनाथअण्णा म्हणाले, "नियमाप्रमाणं अगदी बरोबर." पोरांनी तर जयजयकारच केला. आणि दाराशी मार्थानं पदर डोळ्यांना लावला. घर वाचलं होतं.

तेव्हापासून माझी शाळा दोन भागांत भरते. मी आत पानिपत शिकवतो, बाहेर कानिफनाथ आणि मालनबाई ते लढतात. हजेरीच्या वेळी मुलं 'हजर' म्हणतात, त्यात एखादा आवाज गाढवाचा असतो. परवा शाळा तपासायला आलेले दुसरे साहेब म्हणाले, की पटसंख्येपेक्षा आवाज जास्त वाटतो.

हो, एक राहिलंच. प्रदर्शनाच्या दिवशी मामलेदारसाहेबांचे फोटो काढून झाल्यावर बन्सीकडे फोटो काढायची एक काच उरली. पाटील म्हणाले, "मास्तरांचा काढा." मी शाळेच्या दारात उभा राहिलो. तेवढ्या वेळात कानिफनाथनं मालनबाईची गाय आवारात आणली होती, ती माझ्या मागं येऊन थांबली. कुणीतरी माझ्या हातात काठी दिली होती. काठी टाकावी, गाय हाकलावी, असं मनात आलं. पण मी मान ताठ केली आणि हललो नाही.

महिन्यानं तो फोटो टपालानं आला. मीच मला नेऊन दिला. गायीनं डोकं हलवलं होतं. माझ्या उजव्या खांद्यामागे एक पांढुरका, धूसर आकार आला होता, वर दोन टोकं उचललेली. खाली चार पाय स्पष्ट होते.

मार्थानं बाजारातून चौकट आणली होती, चांगली मोठी. फोटो तिच्यात अगदी मापात बसत होता. तिनं तो एकदा लावून पाहिला, पुन्हा बाहेर काढला, माझ्याकडे न बघता, "चौकट लहान आहे," असं म्हणाली, आणि खालची दोन बोटं पट्टी नीट आत दुमडली.